पाठ सातवा : घरातला दिवस

साडेआठला परातीतलं पीठ एका बाजूला सारतो
आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा करतो.
उदगीरला अंधार, तिकडं पाच वाजलेत,
ऊन अजून खिडकीत.
महानंदा ड्यूटीवरून येते
आणि बूट काढायच्या आधी वही काढते.

मंगळवारी तिची तोंडी परीक्षा.
मागच्या वेळी चार मार्कांनी गेली.
म्हणून सध्या मीच परीक्षक :
मोटार रिवाइंडिंगवाला, दहावी, तीही दुसऱ्या झटक्यात.
तिनंच देवनागरीत लिहून पाठवलेले प्रश्न
जसेच्या तसे वाचतो, अर्थाच्या वाटेला न जाता.
"वान श्टेएन झी आउफ?"
ती उत्तर देते, थांबते, स्वतःची चूक दुरुस्त करते.
काय चुकलं होतं मला काय माहीत,
मी मान हलवतो, परीक्षकासारखी.

जाताना तिनं घरभर चिकटवलेल्या चिठ्ठ्या तशाच आहेत.
निळी म्हणजे तो, लाल म्हणजे ती, हिरवी म्हणजे ते.
दाराला लाल. आपलं ते दार तिकडं ती.
चमचा निळा, दोन्हीकडं पुरुषच.
सूर्य तिकडं बाई आहे म्हणे,
त्याला लाल लावायची राहिली, हात पुरला नाही.
फ्रीजवरची चिठ्ठी तेलानं इतकी माखली
की आता नुसत्या रंगावरून ओळखायची.

आमची मन्वा, दुसरीत,
एका रविवारी हिरवी चिठ्ठी कपाळाला लावून बसली.
"आई म्हणली, तिकडं मुलगी 'ते' असतंय.
मग मी कोण?"
मी म्हणलं, लेकरू.
आम्ही तरी तुला वेगळं काय म्हणतो?
तिला पटलं.
चिठ्ठी मात्र झोपेपर्यंत काढली नाही.

वॉर्डात एक म्हातारा आहे, लोरेंत्स नावाचा.
त्याचं बोलणं क्लासमधल्या कुणालाच कळत नाही.
हिला कळतं.
"पुस्तकातलं कुणी बोलतच नाही हो इथं,
आपल्यावाणीच.
'काय करायलीस' कुठल्या पुस्तकात असतंय?"
हे सांगताना ती हसली,
संक्रांतीनंतर पहिल्यांदाच.

पुढचा प्रश्न.
"वेअर कोख्ट बाय ईनन?"
वहीत उत्तर तयार आहे, पाठही झालंय,
मी स्वयंपाक करते, नवरा मदत करतो, असं कायतरी.
ती ते म्हणत नाही.
माझ्या हातांकडं बघते, मनगटापर्यंत ज्वारी.
"माइन मान," म्हणते.
दोनच शब्द.
तेवढे मात्र मला कळले
आणि थापता थापता भाकरी मधोमध चिरली.

तेवढ्यात गल्लीतून आरोळी : नळ आलेऽऽ!
अकराव्या दिवशी.
फोन तसाच टाकून पळालो,
मन्वा पाइप ओढत पुढं,
हंडा, घागर, बादली, पिंप,
मग दुधाची किटली, मग कुकर,
मग शेजारच्या खैरुनभाभींचा टप,
कारण त्या लग्नाला बिदरला गेल्यात.
तवा करपला. वास गल्लीपर्यंत आला.

परत आलो तर फोन चालूच.
रिकाम्या ओट्याकडं बघत ती तिथंच बसलेली,
बूट अजून पायात,
आणि नुसत्या आवाजावरून एकेक भांडं ओळखत
हळू पुटपुटत होती :
ती घागर. तो हंडा.
ती बादली. ते पिंप.
मराठीच, पण बोटांवर मोजून,
मंगळवारी हेही विचारणार असल्यासारखं.

"आणि पाणी?" मी विचारलं. "पाणी काय असतंय तिकडं?"
"ते," ती म्हणाली. "तिकडंबी ते."

मन्वानं हिरवी चिठ्ठी शोधून आणली,
पिंपाला लावून बघितली.
ओल्यावर चिकटंना.