धान येईपर्यंत

सोसायटीच्या गोदामात आता चित्रं लावतात.
पाटी मी लिहितो.
पत्र्याला पांढरा हात दिला, रातभर वाळू दिला,
उंदराची पावलं उमटली ती राहू दिली,
आणि वरच्या अंगाला लाल रंगात ओढलं :
आगामी.

पहिलं, गणपती बोळवल्यावर आठ दिवस.
वच्छला गेडामच्या ढोल्यांवरचे मोर, विंचू, शिडीवरची माणसं.
ढोल्या येणार नाहीत, दारातून निघत नाहीत त्या.
फोटो येणार.
वच्छला म्हणाली, फोटोले शेणाचा वास कसा येईन?
प्रणोती म्हणाली, मावशी, एक पोपडा ठेवू ना जवळ.
(प्रणोती निकुरे. नागपुरात शिकून आली,
गोदामाची चावी गळ्यात घालून फिरते.)
वासाचं मी पाटीवर काही लिहिलं नाही.

दुसरं, दसऱ्याच्या मागंपुढं.
ढिवर मोहल्ल्यातली जाळी,
भिंतीपासून हातभर पुढं टांगून, मागून एक बल्ब.
कवडू मारबते येऊन बसला पायरीवर :
जाळं तुमच्या भिंतीवर, मंग मी मासे का हातानं धरू?
बरोबर आहे त्याचं.
तो पहाटे नेणार, तलावातून आला की परत टांगणार.
म्हणून लिहिलं : सकाळी अकरानंतर.
खाली बारीक अक्षरात :
जाळी ओली असतील. सावलीला हात लावला तर चालेल.
हे दुसरं वाक्य माझं. प्रणोती हसली,
पुसलं मात्र नाही.

तिसरं लिहायला बसलो तर हात जड.
मंडईच्या दिवसांत : नाटकाचे जुने पडदे.
महाल, जंगल, रस्ता, तुरुंग.
वीस वर्षं हे चारच देश रंगवले मी.
जंगल सापडलं तणसाच्या ढिगावर,
तुरुंग एका गोठ्यात, म्हशीच्या पाठीशी,
गजांवर शेणाचे शिंतोडे.
रस्ता सापडला नाही.
मी म्हटलं, डागडुजी करतो, दोन दिवस दे.
ती म्हणाली, काका, भोकं राहू द्या,
त्यातून पलीकडचा माणूस दिसला पाहिजे.
कायले दिसला पाहिजे, ते तिनं सांगितलं नाही.

गटसचिव सायकल टेकवून वाचत उभा राहिला.
लोकांनी यंदा हलकं धान लावलं, विस्तारीभाऊ,
लवकर निघन.
काटा लागला की कट्टे इथंच येतील,
तुमचा महाल असो का तुरुंग.
आठ दिवस लिहू नका. चार लिहा.
चार बी खडूनं.

लिहिलं खडूनं.

मग ती म्हणाली, आणि कलाकाराचं नाव?
नाटकाच्या बोर्डावर मी हिरोचं नाव लिहिलं,
लावणीवालीचं, तबलजीचं,
जनरेटर देणाऱ्या मोटघऱ्याचंसुद्धा, सावली देऊन.
पडदेवाल्याचं कोणी विचारलं नव्हतं,
मीही विचारलं नव्हतं.

नागभीडच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर रिकामा गेला.
डब्याच्या झाकणात लाल ऑइलपेंट उरला होता,
बोटभर.
सुकायच्या आत वापरावा लागतो.