सतरा नंबर

वहीत तिला नाव नव्हतं. सतरा नंबर,
सिमेंटचा कारखाना, सीझियम,
आणि शेवटच्या रकान्यात, माझ्या आधीच्या कुणाच्या तरी
तिरक्या अक्षरात: निकामी.

निकामी म्हणजे कारखान्याला नको झालेली.
ब्याण्णवच्या लढाईत भट्टी थंडावली,
रखवालदार गावी गेला तो गेलाच,
पत्रे गेले, तारा गेल्या, दारांच्या बिजागऱ्यासुद्धा.
हिचं काम तेवढं चालू राहिलं.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात,
इथे सुंभही जळलेला नाही,
तीस वर्षांत फक्त अर्धा झालाय.

बारा भंगारवाले पालथे घातले. बारा ठिकाणी हिरवा चहा.
तिसऱ्या दिवशी, वख्श नदीच्या काठी,
एका जर्दाळूखाली यंत्र चुळबुळलं.
मग किरकिरायला लागलं.

शोनजर बोबोंच्या अंगणात दोन फळ्या,
फळ्यांमध्ये दह्याची पुरचुंडी,
आणि वर दाब म्हणून शिशाचं जाडजूड भांडं.
तीन पात्यांच्या खुणेला नातवानं
खडूनं पाकळ्या जोडून फूल केलेलं.
"अठ्ठावीस किलो," म्हातारा कौतुकानं म्हणाला,
"चक्का असा निघतो की सुरीनं कापावा.
बाजारात विचारा कुणालाही."

मी म्हटलं, सियोवुश, बाळा, त्या भिंतीपलीकडे जा.
इतक्या हळू म्हटलं की तो धावतच सुटला.

खटका बंद होता.
आमच्या खात्याला तीस वर्षांत जमलं नाही
ते गंजानं केलं होतं, घट्ट धरून ठेवलं होतं.
कापसाचा बोळा फिरवला, तपासला. स्वच्छ.
"एकदा छिन्नी लावली होती," बोबो म्हणाले,
"आत काय आहे बघू म्हटलं. छिन्नीच मोडली!"
ते हसले.
मी त्या मोडक्या छिन्नीकडे बराच वेळ बघत राहिले.

कागदावरचं त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.
"अजून विझली नाही म्हणतेस,
माझ्या नातवाच्या नातवापर्यंत विझायची नाही म्हणतेस,
मग निकामी कशी?"
मला उत्तर सुचलं नाही.
"आणि चक्का? टाकून द्यायचा?"
नाही बोबो. टॉर्च मारली म्हणून
दूध उजेड साठवून ठेवत नाही.
विश्वास बसेना, तेव्हा एक वाटी मागून घेतली
आणि त्यांच्यासमोर बसून संपवली. आंबट होता. छान होता.

चौघांनी बांबूवरून, अंग लांब ठेवून,
ते पोलादी पिंपात उतरवलं. झाकण, बोल्ट, मोहोर.
डोंगरातल्या कोठारात काँक्रीटची एक खोली आहे,
तिथे आता तिनं बसून राहायचं,
आणि आम्ही पाळीपाळीनं तिच्या बाहेर.

पावती दिली: मिळाले, एक. किंमत, रेघ.
"रेघ चालेल," बोबो म्हणाले, "पण वर ठेवू काय?"
ड्रायव्हर नदीवर गेला, एक गोटा घेऊन आला, ओला.
म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांनी तोलून पाहिला.
"हलका आहे," म्हणाले, आणि ठेवला.

रात्री वही उघडली.
निकामी खोडलं नाही. शेजारी लिहिलं:
काम चालू आहे. राखण करणे.

एकोणीस आणि चोवीस अजून सापडलेले नाहीत.
कुणाच्या तरी दाराला
वाऱ्यानं आपटू नये म्हणून
टेकण देत असतील.