चार वाजताची पेज

ओस्मोने अर्ज भरला तो माझ्या टेबलाशी,
उभ्या उभ्या, डाव्या हातातला मोजाही न काढता.
कामाची वेळ : पहाटे पाच ते दुपारी एक.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'जाग येते.'
एवढंच.
दोन दिवसांनी त्याच्या बायकोचा, हिल्क्काचा.
दुपारी दोन ते रात्री दहा.
कारणाच्या जागी नुसती आडवी रेघ,
मिटलेल्या पापणीसारखी.

ताम्पेरे शहराच्या पाणीखात्यात
आम्ही एकशे चौदा माणसं.
डिसेंबरात सूर्यही साहेबासारखा
दहाच्या सुमाराला येतो, तीनला जातो,
त्याला कुणी अर्ज मागत नाही.
ओस्मोची पहाट तर काळी कुळकुळीत.
बर्फ ओढणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा
हेच तिचं तांबडं.

आधी सव्वीस वर्षं दोघंही नऊला यायचे,
एकाच बसने.
तो केव्हाचा उठून शिळा झालेला,
तिला अजून जाग यायची असायची.
ती खिडकीला डोकं टेकायची,
तो तिच्या टोपीवरचं बर्फ झटकायचा.
दुपारी तो बिलांवर पेंगायचा,
ती त्याच्या कोपराला पेन टोचायची.
चुका व्हायच्या.
एकदा एका म्हातारीच्या सौनाला
अख्ख्या तळ्याचं बिल गेलं.

तर मंजूर झालं. शिक्का माझाच.
चुका थांबल्या.
पाचाला इमारत रिकामी असते, तेव्हा ओस्मोला
पाइपांतून ऐकू येतं म्हणे
शहराचं पहिलं पाणी, कुणाच्या तरी किटलीत पडताना.
आणि रात्री आठनंतर हिल्क्काच्या बेरजेला धार चढते.
कँटीनमध्ये कुणीतरी तिला घुबड म्हणालं.
'म्हणा,' ती म्हणाली, 'घुबडाची मान मागे वळते.
मला तुमचा मागचा महिना दिसतोय.
साडेतीनशे युरो कमी आहेत.'

मार्चमध्ये, दोनला दहा कमी असताना,
ती माझ्यासमोर येऊन बसली.
अर्ज मागे घ्यायचा नव्हता.
म्हणाली, त्याची बस आणि माझी बस
पुलावर एकमेकींना ओलांडतात.
तो हात करतो. काच धुरकट असते,
कधी कधी मी दुसऱ्याच कुणाला हात करते.
रात्री घरी जाते तेव्हा त्याची पाठ दिसते.
चांगली पाठ आहे.
बोलणं सगळं फ्रिजच्या दारावर :
दूध संपलं. भाच्याचा फोन येऊन गेला.
तुझा डावा बूट गळतो.
सव्वीस वर्षं आम्ही एकत्र झोपाळू होतो, सिर्पा.
आता दोघंही टक्क जागे आहोत,
पाळीपाळीने.

याला माझ्याकडे छापील नमुना नव्हता.
नियमावलीत तास पुढेमागे सरकतात,
त्यांच्याबरोबर आणखी काय काय सरकतं
त्याचा रकाना नाही.
आणि मी काय सांगणार?
मला ना पहाट जमते, ना मध्यरात्र.
मी अकरा ते साडेतीन माणूस असते,
माझ्यासारख्यांसाठी कुणी अर्ज छापलेला नाही.
मी तिला कॉफी ओतून दिली.
तिची सकाळ होती. तिने दोन कप घेतले.

एप्रिलच्या शेवटी ओस्मो पुन्हा आला.
पाच नको, सव्वापाच करा.
कारणाच्या रकान्यात :
'पेज गरम असते.'

कसली पेज, मी विचारलं.
राईची, तो म्हणाला.
हिल्क्का झोपायच्या आधी चारला चढवते,
तिचं ते रात्रीचं जेवण.
मला लोणी, तिला आंबट फळांचा मुरंबा,
पातेलं एकच.
ती शुभ रात्र म्हणते, मी शुभ सकाळ,
मग थोडा वेळ कुणीच काही म्हणत नाही,
पेज फुंकत बसतो.

पंधरा मिनिटं.
मी शिक्का शोधला, तो फायलीखाली होता,
मग शाई शोधली.
साडेदहा वाजले होते,
मी अजून पुरती माणूस झाले नव्हते.