चमचा सपाट की शिगोशीग

आम्ही सहा जण. भेटलो कधीच नाही.
राग्नफ्रिड वार्देला, एइलेर्त सेन्या बेटावर,
तुरब्यॉर्ग अशा फ्योर्डच्या तोंडाशी
जिथं टपाल मंगळवारी येतं, आलं तर.
ओडवार कुठं राहतो ते त्यालाच नीट सांगता येत नाही,
मागनहिल नुसती वाचते.
मी हामरफेस्टच्या धक्क्यावर, रात्रपाळीला.
नोव्हेंबरअखेर सूर्य गेला
की आमचे फोन उजाडतात.

बातम्या म्हणाव्यात तर अशा:
दुकानात अंडी आली. बोट नाही आली.
ओडवारची मांजर मोज्यांच्या खणात व्याली.
शाळेत यंदा अकरा मुलं, गेल्या साली चौदा.
तुरब्यॉर्गचा गुडघा
वाऱ्याच्या आधी बोलला, आणि खरं बोलला.

नळ गोठला तर तोटी उघडी ठेव,
केस वाळवायचं यंत्र तोटीपासून मागं मागं ने,
मधेच ऊब दिलीस तर वाफ कोंडते, नळी फुटते.
कुलपावर उकळतं पाणी? मुळीच नाही.
ते पुन्हा गोठतं, दुप्पट हट्टानं.
आणि निसरड्यावर लोकरी मोजे
बुटांच्या आत नाही, बुटांवरून चढव.
लाज वाटत असेल
तर हाड मोडल्यावर सवडीनं वाटून घे.

भांडतोही.
माशाच्या वड्यांत जायफळ घालावं की नाही
यावरून तुरब्यॉर्ग आणि एइलेर्त
दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी त्याच्या छपराचा पत्रा उडाला
आणि खिळे कुठले वापरायचे हे
फक्त तिलाच ठाऊक होतं.

फेब्रुवारीत राग्नफ्रिड तीन आठवडे गप्प.
तिचा नवरा आम्हाला हातापुरताच माहीत,
फोटोच्या कडेला असायचा तो हात:
कधी कल्ल्यात बोट घालून मासा धरलेला,
कधी विजेरी,
कधी नुसताच, तिनं म्हटलं असावं म्हणून थांबलेला.

बुधवारी पहाटे चारला तिनं विचारलं,
एका माणसाला कॉफी किती लागते?

एवढंच.
मी दोन ट्रकांच्या मधे थांबले,
यंत्राचे काटे हवेत, त्यावर गोठलेल्या माशांचे खोके.

कुणी अरेरे लिहिलं नाही.
कुणी मेणबत्ती पाठवली नाही.
ओडवार: दोन चमचे, सपाट.
तुरब्यॉर्ग: सपाट कसले! शिगोशीग.
वार्देचं पाणी बघितलंयस का, कशाची चव लागू देत नाही.
एइलेर्त बराच वेळ काहीतरी लिहीत होता,
मग आलं:
पाणी आधी कपानं मोज.
हाताच्या अंदाजावर जाऊ नकोस.
हाताला अजून दोघांचा अंदाज आहे.

मी चारदा लिहिलं, चारदा खोडलं.
शेवटी धाडलं ते हे:
उरली तर मोरीत ओतू नकोस,
मटणाच्या रश्श्यात घाल, रंग चांगला येतो.
असला सल्ला. पण खरा आहे.

आणि मग मागनहिल,
दोन वर्षांत जिनं चकार शब्द काढला नव्हता:
मी दोघांचीच करते. नऊ वर्षं झाली.
दुसरा कप थर्मासात.
अकराला पिते. तेव्हाही गरम असतो.

तासाभरानं वार्देहून फोटो आला.
ओटा, पिवळा डबा, चमचा.
शिगोशीग.
किती चमचे घातले ते तिनं सांगितलं नाही,
आम्ही विचारलं नाही.
कडेला खिडकीची चौकट होती
आणि थोडा समुद्र.

मग ओडवारनं विचारलं,
काळं पिल्लू अजून राहिलंय, कुणाला हवंय?
गुरुवारच्या बोटीनं पाठवीन,
वारा असला तर शुक्रवारच्या.
तुरब्यॉर्ग म्हणाली, गुडघा शुक्रवार म्हणतोय.

मी काटे खाली घेतले.
अर्धा ट्रक भरायचा होता,
आणि ड्रायव्हर केव्हाचा हॉर्न वाजवत होता.