सातवं मिश्रण

अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या,
टोकाला टोक नव्हे, टोकावर टोक:
साडेबारा मिलिमीटरचा शेजार.
मध्ये राळ. राळेत या खेपेला
अक्रोडाच्या टरफलाची पूड, शंभरास पाच.
मागच्या आठवड्यात रबराचे कण होते,
त्याआधी सिलिका, इतकी हलकी
की वजनकाट्यापाशी शिंकायचीही चोरी.

बाहेर मिएलेत्समध्ये बर्फ.
कारखान्याच्या फाटकाशी मीठ फेकत ट्रक हिंडतोय.
मी पट्टी जबड्यात धरते, बटण दाबते.
मिनिटाला मिलिमीटरभर. यंत्राला घाई नसते.
कोर्डियन बोलता बोलता थांबतो.
पडद्यावरची रेघ चढते,
चढते,
ठक्.

आकडा नंतर. आधी मोडलेली तोंडं बघायची,
हे यारोमीर यांनी शिकवलं.
एक पट्टी लख्ख, सगळी राळ दुसरीवर:
म्हणजे चिकटलीच नव्हती, नुसती टेकली होती.
दोन्हींवर राळ, फाटलेली, खरबरीत:
म्हणजे धरलं ते सोडलं नाही, स्वतः फाटली.
"हे चांगलं मोडणं," म्हणायचे,
आणि वहीत हिरव्या पेन्सिलीने खूण करायचे.

आज पाचही नमुने हिरवे.
आकडा मात्र साध्या राळेच्या खाली.
"म्हणजे पूड फुकट गेली?" कोर्डियन विचारतो.
तेवीस वर्षांचा आहे. मी रेघेकडे बोट दाखवते:
तुटण्याआधी ती किती लांब आडवी चालली, बघ.

यारोमीर यांचा पत्र्याचा मग अजून खिडकीत असतो.
त्याचा कान निखळला तेव्हा
वाटीत उरलेलं काहीतरी त्यांनी लावलं होतं.
काय मिसळलेलं, किती टक्के,
किती अंशांवर सुकवलं, नोंद नाही.
तारीख न घालता चिठ्ठीसुद्धा न लिहिणाऱ्या माणसाची
ही एवढीच बिननोंदीची गोष्ट.
अकरा वर्षं त्यात उकळता चहा.
त्यांना जाऊन आता तिसरा हिवाळा.

कोर्डियनला तो मग यंत्रात धरून पाहायचाय.
किती बळाला तुटतो, कळेल तरी.

भिंगाखाली जोडाच्या कडेला तपकिरी ठिपके दिसतात.
टरफल असेल.
चहाही असेल.

मी वहीत लिहिते: सातवं मिश्रण, पाच नमुने,
बळ कमी, ताण जास्त, मोडणं चांगलं.
किटली शिट्टी घालते.
काठोकाठ ओतते,
आणि कोर्डियन बघत असतानाच
उचलते, कानाला धरून.