राखाडी टोपण

साखर पेठेतल्या लॅबमध्ये मी रक्तातली साखर मोजतो.
यावर हसून झालंय सगळ्यांचं.

आज सकाळी नीलम नगरात
राजव्वा कोंगारींचं रक्त घेतलं, उपाशीपोटीचं.
मांडीवरचं बिड्यांचं सूप त्यांनी खाली ठेवलं नाही,
नुसता डावा हात पुढे केला.
राखाडी टोपणाच्या नळ्या संपल्या होत्या.
लाल टोपणात घेतलं. म्हटलं, आत्ता पोचतो.
अशोक चौकात चाक बसलं
आणि मे महिन्याचं ऊन डिकीत शिरलं.

रक्ताला कुठं कळतं, अंगाबाहेर आलोय म्हणून.
नळीत त्याचं चालूच:
एक ग्लुकोज धरायचा,
आधी पदरचे दोन एटीपी घालायचे, रोख,
मग सहा कार्बनांची काडी मधोमध मोडायची
आणि दहाव्या पायरीपर्यंत चार परत काढायचे.
हाती उरले दोन.
एवढ्याशा नफ्यावर,
हवेत प्राणवायू नव्हता तेव्हापासून
हा धंदा चाललाय.

तांबड्या पेशीला तर दुसरं पोट भरायचं साधनच नाही.
प्राणवायू अंगभर वाहते, ज्याचा त्याला पोचवते,
स्वतः त्यातला कणही जाळत नाही.
पंक्चरवाल्यासमोरून चादरींच्या गठ्ठ्यांची हातगाडी गेली,
ओढणारा उघडा.
उपमा द्यावी असं काही मनात नव्हतं,
तो आपला गेला.

राखाडी टोपणात चिमूटभर फ्लोराइड असतं.
ते नवव्या पायरीवर आडवं पडतं
आणि गिरणी बंद पडते तसं होतं, एकदम नाही:
पुढचं खातं थांबतं,
माल मागं तुंबत जातो,
शेवटी फाटकावर कुणाला आत घेत नाहीत.

दुपारी रिपोर्ट: एकशे एकवीस.
"कमी झाली ना?" राजव्वा फोनवर.
मग सुनेकडे वळून, "तग्गिंदी, तग्गिंदी."
कमी झाली होती खरी. नळीतली.
दीड तासाच्या उन्हात
त्यांच्याच पेशी जेवून घेत होत्या;
उपाशी राहा, हे माझं सांगणं
त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

उद्या परत घ्यावं लागेल, म्हणालो. पैसे नकोत.
"परत उपाशी?"
हो.
पलीकडे पानं कातरणारी कात्री थांबली,
मग चालू झाली.

खिशात आता दोन राखाडी नळ्या आहेत.