जुनं जीएसटी

उदगीरच्या दाल मिलमध्ये साडेसात वर्षं
मी बिलं काढतोय. तुरीची धूळ
कीबोर्डच्या फटीत, माझ्या पापण्यांवर.

परवा मालकांचा कॉम्प्युटर अडकायला लागला.
जागा करायला बसलो,
एका फोल्डरचं नाव ‘जुनं जीएसटी’.
एकच फोटो उघडला.
लेकराचा चेहरा होता. बाकीचं सांगत नाही.

पासवर्ड तर मॉनिटरलाच चिकटवलेला.
मुनीम बसतो, पुतण्या बसतो,
रात्री वॉचमन क्रिकेट बघतो.
कुणाचं नाव घेऊ?

दैवशालाच्या ऑपरेशनला लातूरला
पैसे भरले ते ह्याच माणसानं,
पावतीसुद्धा बघितली नाही.
बायको म्हणली, खाल्ल्या मिठाला…
आणि पुढचं बोललीच नाही,
पोरीची वेणी घालत राहिली, उगीच घट्ट.

डिलीट दाबलं तर सगळेच सुटतो,
ते लेकरू सोडून.

काल ठाण्यासमोर दोनदा गाडी लावली.
दोनदा किक मारली.

सकाळी मालकांनी चहा पुढं सरकवला,
“झाला का मोकळा?”
म्हणलं, अजून नाही.
तेवढ्यात चाळणी सुरू झाली
आणि कपबशी टेबलावर
आपोआप माझ्याकडं सरकायला लागली.